टोपलीत उरलेला दगड

पोराने ट्यूबचा धंदा काढला त्याला तीन हिवाळे झाले, पण कमळाबाई एकदाही ट्यूबमध्ये बसली नव्हती. पाण्याची भीती म्हणाल तर ती नव्हती. बदलापूर गावातच जन्म, बदलापूर गावातच लग्न, त्यामुळे माहेरची नदी तीच आणि सासरचीही तीच. पोहायला तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि विसरायची सोय नव्हती. पण ट्रकच्या टायरमधल्या त्या काळ्या ट्यूबवर पाठ टाकून, पाय वर करून, आभाळाकडे बघत वाहत जायचं, हे तिच्या मनाला येत नसे. "मी काय टोपलीतली वांगी हाय?" असं म्हणायची आणि विषय संपवायची.

तिची जागा ठरलेली होती. गावाच्या खालच्या अंगाला नदी वळते, तिथं यांच्या भाजीच्या वाडीचा बांध उतरत उतरत पाण्यात जातो. अमितने तिथं या काठापासून त्या काठापर्यंत एक जाडजूड दोर तिरका ताणून बांधला होता. वरून आलेली ट्यूब दोराला लागली की घसरत घसरत आपसूक कमळाबाईच्या पुढ्यात यायची. ती गुडघाभर पाण्यात उभी. साडी वर खोचलेली, डोक्यावर पोराची जुनी टोपी, हातात आकडा लावलेला बांबू. आकड्याने ट्यूब ओढायची, माणसाला दंडाला धरून उभं करायचं आणि पहिला प्रश्न विचारायचा, "दगड कुठला तुझा?"

दोराच्या खाली, हाकेच्या अंतरावर बंधारा होता. लोकांना तो दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा, आणि तो आवाज त्यांना फार आवडायचा. मोबाइलवर रेकॉर्ड करून न्यायचे. कमळाबाईला त्या आवाजाचं पोट माहीत होतं. वरून पाणी कसं गुळगुळीत चादरीसारखं पडताना दिसतं, आणि खाली तेच पाणी जागच्या जागी गरगरत राहतं. एकदा तिथं एक ओंडका पडला, तो चार दिवस घुमत होता, बाहेर निघेना. म्हणून तो दोर, म्हणून तो बांबू आणि म्हणूनच दगड.

दगडांची रीत तिच्या सासूची, गंगूची. यांची अर्धी वाडी नदीपल्याड. त्या काळी घरातल्या आणि शेजारच्या बायका उतारातून पाणी तुडवत पलीकडे जायच्या, भाजी खुडायच्या आणि भरल्या टोपल्या डोक्यावर घेऊन परत यायच्या. जाताना प्रत्येकीने काठावरच्या टोपलीत एक दगड टाकायचा, आल्यावर आपला आपण उचलायचा. शेवटी येणारीने टोपलीत डोकावायचं. कुणी पलीकडे राहिली असेल तर दगड चुगली करायचा. त्यात एकच गोष्ट वेगळी होती. भाजीवाल्याच्या घरात टोपली पार रिकामी ठेवत नाहीत, मनाला बरं वाटत नाही. म्हणून गंगू सगळ्यांच्या आधी पाण्यात हात घालून एक पांढरी गारगोटी काढायची आणि टोपलीत टाकायची. तो नदीचा दगड. सगळ्या परत आल्या की तेवढा एक उरायचा, आणि तो पाण्याला परत द्यायचा.

कमळाबाईने ही रीत जशीच्या तशी पोराच्या धंद्याला लावली. रविवारी सकाळी गारगोटी टाकून टोपली सुनेच्या हातात द्यायची. सून उन्नती, माहेर अंबरनाथचं, बोलायला चटचटीत आणि स्कूटी चालवायला त्याहून. ती टोपली घेऊन वर जायची, दोन-अडीच किलोमीटर, जिथं ट्यूब पाण्यात सोडतात. तिथं प्रत्येकाने काठावरचा एक दगड निवडायचा, पुन्हा ओळखता येईल असा. मग माणसं पाण्याने निघायची आणि त्यांचे दगड रस्त्याने, उन्नतीच्या स्कूटीवर, पायाशी ठेवलेल्या टोपलीतून.

वर अमित सूचना द्यायचा, त्याही आईच्याच. जॅकेटचे तिन्ही पट्टे लावा. ट्यूबचा हवा भरायचा वॉल चिंधीने बांधलाय तो सोडू नका, पाठ सोलून निघेल. पडलात तर ट्यूबच्या मागे जाऊ नका. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, दगडांच्या फटीत पाय अडकतो. उताणे राहा, पाय पुढे. आणि हाताला जे लागेल तिथं चढून बसा, जागा सोडू नका, आम्ही शोधत येतो. लोक मान डोलवायचे. कोण किती ऐकतं ते पाण्यालाच ठाऊक.

जानेवारीतल्या त्या रविवारी सकाळी मायलेकांची जुंपली होती. अमितने पंधरा माणसं घेतली होती. आजवर बारा कधी ओलांडले नव्हते. त्यात सगळ्यांच्या मागे राहणारा प्रमोद, अमितचा शाळेपासूनचा दोस्त, चुलतभावाच्या हळदीला गेलेला. म्हणजे पुढे अमित आणि मागे कुणीच नाही. कमळाबाईने विचारलं, मागं कोन हाय? अमित म्हणाला, पाणी कमी आहे, काही होत नाही, सगळे एकमेकांना बघतील. ती म्हणाली, दोन फेऱ्या कर. तो म्हणाला, दुसऱ्या फेरीला तीन वाजतील. तेही खोटं नव्हतं. वरच्या वीजघराने सोडलेलं पाणी तीनच्या सुमाराला इथवर पोचायचं. नदीच्या मधोमध 'म्हशीची पाठ' नावाचा सपाट काळा कातळ आहे, तो तेव्हा बघता बघता पाण्याखाली जायचा. त्याच्या आत सगळं आवरायचं, हा नियमसुद्धा तिचाच. आपलाच नियम आपल्या अंगावर आलेला पाहून ती पाठ फिरवून बांबूचा आकडा घट्ट करायला लागली. उन्नती टोपली मागायला आली तेव्हा तिने बघितलंही नाही, टोपली नुसती पुढे ढकलली.

साडेअकराला ट्यूब सुटल्या. उन्नती टोपली घेऊन खाली आली आणि सासूचा राग उतरावा म्हणून कोण कोण आलंय ते सांगत बसली. उल्हासनगरच्या कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या आठ मुली, त्यांची पुढारी सोनिया म्हणून. बेलवलीचं एक कुटुंब, सहा जण. आणि एक काका, एकटेच, बुवापाड्याचे, आनंदा नाव. साठी उलटलेली, चष्म्याला मागून दोरी. "दगड टाकताना मला म्हणाले, म्हणजे टोकन. मी म्हटलं, हो काका, टोकनच." कमळाबाईने हूं केलं. तिचं निम्मं लक्ष अजून सकाळच्या भांडणात होतं.

एकच्या सुमाराला पहिली ट्यूब वळणावर दिसली आणि हसण्याचा आवाज त्याच्याही आधी आला. असं पाण्यावरून येणारं हसू कमळाबाईला आवडायचं, कबूल मात्र करायची नाही. माणसं निघताना घट्ट मुठी करून बसायची आणि उतरताना पार सैल होऊन यायची, लोणी लागल्यासारखी. बेलवलीच्या घरातल्या सासूबाई तर उतरायलाच तयार नव्हत्या. म्हणत होत्या, अजून एक वळण जाऊ द्या. सोनियाने पाण्यातूनच हात जोडले. "मौसी, तीन साल से दुकान में खडी हूं, आज पहिल्यांदा बसले." मग पोरींनी एकमेकींवर पाणी उडवलं, दोन-तीन ट्यूब हातातून सुटल्या, अमितने पळत जाऊन त्या धरल्या, अजून एक रिकामी दोराला लागून होती तीही ओढली. सगळा गोंधळ. टोपलीवर हात पडत गेले. हिरवट, तांबूस, बदामासारखा, भोक पडलेला, ज्याचा त्याने उचलला.

टोपलीत एक उरला.

"झाले सगळे," कमळाबाई म्हणाली आणि बांबू बांधाला टेकवला.

तांदळाच्या भाकऱ्या, वांग्याची भाजी, सुकटीची चटणी. मुली जेवायला बसल्या, बेलवलीचं कुटुंब आंब्याखाली. दोन्ही गटांना वाटत होतं की चष्मेवाले काका दुसऱ्या गटासोबत आहेत. कुणी वाईट नव्हतं, कुणी बेफिकीर नव्हतं. फक्त ते कुणाचेच नव्हते.

वाढून झाल्यावर कमळाबाई टोपली घेऊन पाण्याकडे गेली. नदीचा दगड नदीला द्यायचा होता. तिने तो उचलला आणि हात तसाच राहिला.

दगड काळा होता. चपटा, मधून पांढरी रेघ.

क्षणभर तिने असंही मानून बघितलं की सकाळी गारगोटी मिळाली नसेल, आपण हाच टाकला असेल. पण सकाळी आपण पाण्यात हातच घातला नव्हता, हे तिच्या हाताला माहीत होतं. टोपली रिकामीच ढकलली होती. एक दगड उरला, नेहमीसारखा, आणि आपण नेहमीसारखं 'झाले' म्हणालो.

तिने अमितला हाक मारली. आवाज चढवला नाही. पाहुण्यांनी घास खाली ठेवावा असं काही तिला नको होतं. अमित हात पुसत आला, दगडाकडे बघितलं आणि म्हणाला, "नदीचा ना?"

"नदीचा मी टाकलाच नाय आज."

अमितच्या तोंडचं पाणी पळालं. तरी तो म्हणाला, ट्यूब सगळ्या आल्यात, मी मोजल्या. ती म्हणाली, "ट्यूब रिकामी पन येते. तूच वढलीस ना एक?"

उन्नतीने दगड बघितल्याबरोबर ओळखला. "काका. टोकनवाले."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

ओरडाआरडा झाला नाही. अमित दोर खांद्याला टाकून काठाकाठाने वर निघाला, झुडपं चाचपत. सोनियाला उन्नतीने एका वाक्यात सांगितलं. ती उठली, मुलींना दोराशी रांगेत उभं केलं आणि म्हणाली, कोई पानी में नहीं जाएगा, सिर्फ देखो. कमळाबाईने एक ट्यूब उचलून गळ्यात घातली, हारासारखी, आणि स्कूटीवर सुनेच्या मागे बसली. एरवी हे दृश्य पाहून गाव लोटपोट हसलं असतं. त्या दिवशी वाटेत भेटलेल्या दोघांनी तिचं तोंड बघून रस्ता सोडला.

वर पोचल्यावर तिने ट्यूब पाण्यात टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा तीत बसली. पाणी गार, ऊन उबदार, आणि नदी तिला अलगद घेऊन निघाली, जसं काही झालंच नाही. दोन्ही काठांवर करंजाची झाडं मागे सरकत होती. एक निळा खंड्या पुढे पुढे उडत होता. पाठ टेकली तर वर फक्त आभाळ दिसत होतं, आणि कान पाण्याच्या इतके जवळ की सगळं जग लांब गेल्यासारखं. तेव्हा तिला कळलं लोक असे सैल का होतात. आणि हेही कळलं की असं उताणं पडलेल्या माणसाला आपल्या पायांपलीकडचं काही दिसत नाही. मागं कोण राहिलं, कोण कुठल्या फाट्याला लागलं, कुणाला दिसणार? सगळे एकमेकांना बघतील, म्हणे.

ती ताठ उठून बसली. हातांनी वल्हवत, एकेक झुडूप बघत निघाली. हाक मारायची, थांबायची, ऐकायची. पलीकडच्या एका फार्महाउसवर स्पीकर लावलेला, नाच चाललेला; तिची हाक त्यात विरघळून जात होती.

अर्ध्या वाटेवर नदी फुटते. मध्ये लव्हाळ्याने भरलेलं एक बेट आहे. उजवीकडची धार मोठी आणि मोकळी, ट्यूब तिकडूनच नेतात. डावीकडे अरुंद धार, तिच्यावर उंबराची एक फांदी वाकलेली. शेवटच्या माणसाला प्रमोद बांबूने उजवीकडे ढकलतो. आज ढकलायला कुणी नव्हतं. कमळाबाईने डाव्या हाताने पाणी कापलं आणि डावीकडे वळली. फांदीपाशी डोकं खाली घातलं. फांदीला लाल दोरी अडकली होती. चष्म्याची दोरी, चष्मा नसलेली.

लव्हाळं संपलं आणि म्हशीची पाठ दिसली.

कातळावर एक माणूस मांडी घालून बसला होता. नारिंगी जॅकेट, तिन्ही पट्टे लावलेले, हात गुडघ्यांवर. कातळाचा निम्मा भाग ओला झाला होता. पाणी लागायला सुरुवात झाली होती.

"आनंदा भाऊ?"

"हो, हो. इकडे आहे," तो माणूस भलत्याच दिशेला बघत म्हणाला. "चष्मा गेला, दिसत नाही फार. तुम्ही कोण?"

"दगडवाली," कमळाबाई म्हणाली, आणि तिचा श्वास पहिल्यांदा पुरता खाली उतरला.

तिने ट्यूब कातळाला लावली आणि वर चढली. लागलं का, विचारलं. कोपर खरचटलं होतं, तेवढंच. फांदीने उचलून टाकलं, ट्यूब निघून गेली, मी मागे गेलो नाही, तसं सांगितलं होतं, म्हणाले. जॅकेटची शिट्टी वाजवली, पण गाण्यात कुणाला ऐकू जाणार. काठ किती लांब ते दिसेना, म्हणून उतरलो नाही. तेही सांगितलंच होतं. हे सगळं ते इतकं शांतपणे सांगत होते की कमळाबाईलाच राहवलं नाही.

"दोन तासांच्या वर झालं, भाऊ. भ्या नाय वाटलं?"

"पाणी वर यायला लागलं तेव्हा वाटलं थोडं. पण मी कारखान्यात छत्तीस वर्षं काढली, ताई. आमच्याकडे पितळी टोकन असायचं. सुटीच्या वेळी बोर्डावर एक टोकन लटकलेलं राहिलं तर टाइमकीपर गेट लावायचा नाही. माणूस आत आहे, शोधा. म्हटलं, माझं टोकन यांच्या टोपलीत पडलंय. येणारच कुणीतरी."

इथल्या टाइमकीपरने, म्हणजे मीच, गेट लावलं होतं, भाऊ, जेवायला वाढलं होतं, हे कमळाबाईच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. आधी पाणी.

अमित तोवर काठावर पोचला होता. त्याने दोर फेकला. आनंदा काकांना ट्यूबमध्ये बसवून ती मागून पोहत आली, एक हात ट्यूबवर, आणि अमितने दोघांना ओढून घेतलं. वीसेक हातांचं अंतर होतं. काठावर चढून मागे बघितलं तेव्हा म्हशीच्या पाठीचा मधला उंचवटा तेवढा कोरडा होता. थोड्या वेळाने तोही गेला.

परत येताना आनंदा काकांचा हात तिच्या खांद्यावर होता. ते सांगत होते, पडायच्या आधी फार छान वाटलं. एक निळं काहीतरी सारखं पुढे उडत होतं. खंड्या, ती म्हणाली. असेल, ते म्हणाले, पुढच्या वेळी नीट बघतो.

बांधावर सगळे उभे होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बेलवलीच्या सासूबाईंनी ताट वाढून आणलं आणि गुपचूप काकांच्या हातात दिलं. अमित खाली बघून म्हणाला, माझं चुकलं, मागे माणूस नसताना सोडायलाच नको होतं. कमळाबाईने हात वर करून त्याला थांबवलं.

"तुझं चुकलं ते घरी बोलू. माझं इथं बोलते." आणि तिने पांढऱ्या गारगोटीची गोष्ट सगळ्यांना सांगितली. सकाळी रागात टोपली कशी रिकामी दिली, एक दगड उरलेला बघून कशी 'झाले' म्हणाली, सगळं. सांगताना बांबू घट्ट धरला होता.

आनंदा काका जेवता जेवता थांबले. मग म्हणाले, "तुम्ही आलात ना. माझं टोकन द्या."

तिने काळा दगड त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठ्याने रेघ चाचपली आणि दगड खिशात टाकला.

टोपली आता पार रिकामी होती. उन्नतीला सासूची सवय माहीत. ती वाकून पाण्यातून एक गारगोटी शोधायला लागली. कमळाबाई म्हणाली, "नको. ऱ्हाऊ दे रिकामी." सासूची रीत मोडून तिने टोपली उलटी केली, बुडावर दोन थापा मारल्या आणि तशीच उलटी बांधावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

पुढच्या रविवारी दहा माणसं आली. त्यात नवा चष्मा लावलेले आनंदा काका होते, जाड पट्ट्याचा. अमितने उंबराची फांदी शनिवारीच कापली होती. वळणावर, दोरापाशी, बांबू घेऊन उन्नती उभी राहिली. प्रमोद डाव्या फाट्याच्या तोंडाशी, आणि सगळ्यात मागच्या ट्यूबमध्ये टोपी घातलेली कमळाबाई.

अमितने सांगून बघितलं, आई, पाठ टेक, मजा येते.

"ठाऊक हाय मना किती येते," ती म्हणाली, आणि ताठ बसून, पुढची दहा डोकी मोजत, पाण्याला लागली.